शालिग्रामने पारखलेली घरं

वाशिमला घर घ्यायचं ठरलं की शेलूबाजारच्या आसपासच्या चार-पाच गावांतले लोक एजंटच्या आधी शालिग्रामला फोन करतात. जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, दुपारी जेवू घालायचं आणि दिवसभर त्याला त्या घरापाशी एकटं सोडायचं, एवढीच त्याची अट. संध्याकाळी तो दोनातला एक शब्द सांगतो, ‘घे’ किंवा ‘नको’. त्याने ‘नको’ म्हटलेलं घर आजवर कोणी घेतलेलं नाही, आणि ‘घे’ म्हटलेल्या घरात जाऊन कोणी पस्तावलेलं नाही. गंमत म्हणजे एवढ्या लोकांना शहरात घरं पाहून देणारा हा माणूस स्वतः शहरातल्या घरात सलग दोन दिवसांच्या वर राहत नाही. अर्थात याला गंमत म्हणायचं ते आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांनी.

मुळात त्याचा हात बसलेला होता तो बैलांवर. तरुणपणी त्याला सोबत नेल्याशिवाय गावात कोणी जोडी आणत नसे. दात बघणं, खांदा चाचपणं, खूर उचलणं हे सगळेच करतात. शालिग्राम ते करून झालं की बैलाजवळ नुसता बसून राहायचा, तास तास, दोन दोन तास. बैल रवंथ कसा करतो, माशी बसली तर कशी झटकतो, मालक जवळ आला की कान कुठं वळवतो, हे बघत. “बाजारात उभा असला म्हंजे कोनताबी बैल चांगलाच दिसते,” तो म्हणायचा. “कोनी पाहत नसलं म्हंजे तो कसा राह्यते, ते पाहा लागते.” पुढे ट्रॅक्टर आले, जोड्या गेल्या, आणि ही विद्या त्याच्याबरोबरच म्हातारी झाली असती. पण तेवढ्यात समृद्धी महामार्ग आला.

महामार्गात त्याची सव्वा एकर जमीन गेली आणि मोबदला आला. त्या वर्षी गावात कोणी बुलेट घेतली, कोणी माडी चढवली, कोणी पोरीच्या लग्नात अकोल्याहून घोडे आणले. शालिग्रामच्या घरी मात्र पैशाचं काय करायचं हे पैसे यायच्या आधीच ठरलेलं होतं, आणि ते ठरवलं होतं ज्योत्स्नाने. ज्योत्स्ना त्याची बायको. बारावी शिकलेली, बोलायला मोजकी आणि ठरवायला पक्की. मुलगा हरीओम तेव्हा चौथीत होता, मुलगी संस्कृती तिसरीत. गावातल्या शाळेत पाच वर्गांना दोन मास्तर. एक मास्तर मीटिंगला गेला की दुसरा पाचही वर्गांना एकत्र बसवून पाढे म्हणायला लावायचा. हरीओमला पाढे तीसपर्यंत पाठ होते आणि जोडाक्षर वाचता येत नव्हतं.

“मले माडी नको अन् गाडी नको,” ज्योत्स्ना म्हणाली. “वाशिमले शाळेजवळ घर पाहा. अन् शेजार चांगला पाहा. नुसती शाळा चांगली असून भागत नाई.”

“अन् शेती कोन करन?”

“तुमी. आमी तिकडं राहू, तुमी इकडं राहा. सात वर्षं काढा फक्त. संस्कृतीची दहावी झाली की मी वापस येईन.”

शालिग्रामने मनातल्या मनात हिशेब केला. सात वर्षं म्हणजे सात सोयाबीन आणि सात हरभरे. एवढं तर बघता बघता निघून जाईल, असं त्याला खरोखर वाटलं. तो ‘बरं’ म्हणाला.

मग सुरू झाली घराची पारख, आणि एजंटच्या नाकी नऊ आले. पहिलं घर ऐसपैस होतं, पण त्या ओळीत प्रत्येक फाटकाला आतून दोन-दोन कुलपं होती. “इथं शेजारी शेजाऱ्याले भेऊन राह्यला,” शालिग्राम म्हणाला आणि चालू लागला. दुसरं घर शाळेच्या अगदी समोर होतं. तिथे कोपऱ्यावर पानाची टपरी होती, आणि दुपारी तीनला शाळेत असायला हवीत अशी सहा पोरं तिच्याभोवती उभी होती. तिसऱ्या ठिकाणी नवं कोरं बांधकाम, टाइल्स, ग्रील, सगळं झकास. शालिग्राम संध्याकाळपर्यंत बसला, तर गल्लीत ना एक म्हातारं माणूस बाहेर आलं, ना एक लेकरू. एजंटने हात जोडून विचारलं, “भाऊ, तुमाले घर घ्याचं हाय का लोकसंख्या मोजाची हाय?” शालिग्राम म्हणाला, “दोन्ही.”

चौथं घर रिसोड रोडच्या बाजूच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या वस्तीत होतं. मालकीण ललिताबाई, निवृत्त नर्स, लेकीकडे अमरावतीला निघालेल्या. शालिग्रामने त्यांना विचारलं, “ताई, मले एक दिवस तुमच्या ओट्यावर बसू द्यान का?” ललिताबाईंनी आयुष्यात तऱ्हेतऱ्हेचे पेशंट पाहिलेले, त्यांना याचं काही वाटलं नाही. त्यांनी खुर्ची टाकून दिली. शालिग्राम सकाळी आठपासून त्या खुर्चीत बसला. दूधवाला पिशव्या दारातच ठेवून जातो आणि त्या कोणी चोरत नाही, हे त्याने पाहिलं. पोरांच्या सायकली बिनकुलपाच्या भिंतीला टेकलेल्या पाहिल्या. पाच वाजता शाळा सुटली. घोळका करून पोरं पायीच आली, मध्ये कुठं मोठा रस्ता ओलांडायचा नव्हता. त्यातलं एक लेकरू धावताना ललिताबाईंच्या फाटकासमोर पडलं, गुडघा फुटला. तिथून तिसऱ्या घरातली बाई हळदीची वाटी घेऊन पळत आली, आणि ती त्याची आई नव्हती. आई मागून आली, सावकाश, हात पुसत. आपल्या पोराकडे दुसरी कोणी बघते आहे याची तिला खात्री असावी.

ते पाहून शालिग्राम उठला. घर त्याने आत जाऊन नीट पाहिलंसुद्धा नाही.

तरी शाळा बाकी होती. तो तीन दिवस सुटायच्या वेळी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वॉचमनला संशय आला आणि त्याने शालिग्रामला धरून मुख्याध्यापिकेसमोर नेलं. “तुम्ही रोज इथे काय करता?” त्यांनी विचारलं. “शाळा पारखून राह्यलो,” शालिग्राम म्हणाला. त्याने पाहिलं होतं ते एवढंच, की शेवटचं पोर जाईपर्यंत दोन शिक्षक फाटकापाशी उभे राहतात, आणि त्यातल्या एका बाईंना पोरांची नावं पाठ आहेत. हे त्याने त्यांना सांगितलं. मुख्याध्यापिकांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

अशा रीतीने जून महिन्यात ज्योत्स्ना दोन लेकरांना घेऊन वाशिमला राहायला गेली. भांडी, गाद्या, पुस्तकं, सगळं पोचवून शालिग्राम संध्याकाळच्या जीपने परत आला तेव्हा आपल्याच घराचं कुलूप काढताना त्याला चुकल्यासारखं झालं. या घराला संध्याकाळी कधी कुलूपच नसायचं.

दर शनिवारी तो वाशिमला जायचा. सोबत तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, दिवसांप्रमाणे वांगी नाहीतर ओला हरभरा. रविवारी संध्याकाळी परत. हरीओम सहा महिन्यांत धडाधड वाचायला लागला. संस्कृतीच्या गळ्यात कुठल्याशा स्पर्धेचं मेडल आलं. ज्योत्स्ना सुरुवातीला दोन-तीन महिने फोनवर रडवेली असायची, मग शेजारची हळदवाली बाई तिची मैत्रीण झाली, मग आणखी चारजणी. पुढे तिने समोरच्या खोलीत ले-आउटमधल्या लहानग्यांसाठी बालवाडी सुरू केली. भिंतीवर फळांचे आणि प्राण्यांचे तक्ते लागले. शालिग्रामची खाट मागच्या खोलीत गेली, धान्याच्या कोठीशेजारी. त्याची याबद्दल काही तक्रार नव्हती. आठवड्यातून एक रात्र झोपायचं, त्याला खाट कुठेही चालते.

मध्ये कोरोना आला. शाळा बंद झाल्या आणि तिघं गावी परतली, चांगलं दीड वर्ष राहिली. पोरं नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, ज्योत्स्ना चिडचिड करायची, टीव्हीवर रोज माणसं मेल्याचे आकडे यायचे. आणि या सगळ्यात शालिग्राम सुखात होता. संध्याकाळी शेतातून आला की घरात दिवा लागलेला दिसायचा. या सुखाची त्याला इतकी लाज वाटायची की त्याने ते कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

एव्हाना त्याचं नाव झालं होतं. हरीओमला किती मार्क पडले हे गावाला कळायचं, आणि ज्याला त्याला वाटायचं, आपलंही पोर तिकडेच हवं. गल्लीत नऊ घरं. एकेकजण येऊन सांगायचा, “शालिग्रामभाऊ, आमच्यासाठीबी पाहा न.” शालिग्राम जायचा, दिवसभर बसायचा, संध्याकाळी शब्द द्यायचा. काम तो डोळ्यांत तेल घालून करायचा, कारण दुसऱ्याच्या लेकरांचा प्रश्न होता. कोणी घर विकत घेतलं, कोणी भाड्याने. बाया आणि पोरं तिकडे गेली, पुरुष शेतीपाशी राहिले. सात वर्षांत गल्लीतल्या नऊपैकी सात घरांत संध्याकाळी एकेक पुरुष आणि एकेक गॅसची शेगडी उरली. तीन-चार कुकरच्या शिट्ट्या वाजायच्या, बोलण्याचा आवाज नसायचा. गावची शाळा अकरा पोरांवर आली.

हे तोंडावर सांगायची हिंमत एकट्या गोमतीबाईंची. सत्तरी ओलांडलेली, दोन घरं सोडून राहणारी, स्वतःही एकटी. एकदा त्याला भाकरी द्यायला आली आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “शालिग्राम, बापा, पटकीच्या साथीनं गाव उठोलं नाई, ते तू उठोलं.”

“म्या काय केलं, मावशी? लोकं आपल्या मनानं गेले.”

“लोकाइले काय कळते? तू घे म्हनतं अन् ते घेतात. तुले एक घर बी खराब भेटत नाई का रे?”

शालिग्राम हसला. पण ती गेल्यावर भाकरी तोडताना त्याला ते आठवत राहिलं.

दिवस मात्र तो मोजत होता. हरीओम दहावी होऊन अमरावतीला पॉलिटेक्निकला गेला, हॉस्टेलवर. संस्कृती दहावीला बसली. त्या हिवाळ्यात शालिग्रामने गावातल्या घराचं काम काढलं. बाथरूमला टाइल्स लावल्या, खिडक्यांना जाळी, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आणि सिंक. ओट्याची उंची किती ठेवायची हे मिस्त्रीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, रविवारी सांगतो. रविवारी वाशिमला ज्योत्स्ना भाजी आणायला गेली असताना त्याने खिशातून सुतळी काढली, तिथल्या स्वयंपाकाच्या ओट्याला लावून उंचीपाशी गाठ मारली आणि खिशात टाकली. याबद्दल तो कोणाला बोलला नाही. ज्योत्स्नालाही नाही.

आणि याच दिवसांत गोपीचंद आला. गल्लीतलं हे शेवटचं भरलेलं घर. गोपीचंद तिशीतला, त्याची बायको रंजीता आणि साडेचार वर्षांची पोरगी. रंजीता हसरी, बडबडी. संध्याकाळी ती दारात बसून तांदूळ निवडायची आणि पोरगी गल्लीभर एकटीच लंगडी घालायची, कारण खेळायला दुसरं कोणी नव्हतं. “दादा, आता पोरीले शाळेत टाकाचं हाय,” गोपीचंद म्हणाला. “एक घर पाह्यलं. तुमी येता का?”

शालिग्राम एप्रिलमध्ये त्याच्याबरोबर गेला. दोन खोल्यांचं घर, पुढे मोकळं मैदान. त्याने दिवसभर बसून पाहिलं. शाळेची गाडी फाटकापर्यंत येत होती. समोरच्या घरात त्याच वयाच्या दोन मुली. दुपारी एका म्हातारीने त्याला न विचारता पाणी आणून दिलं, बोअरचं, थंडगार आणि गोड. एवढं चांगलं घर त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. संध्याकाळी गोपीचंद न्यायला आला आणि सगळे बघतात तसं त्याने शालिग्रामच्या तोंडाकडे बघितलं.

“नको,” शालिग्राम म्हणाला.

“काहून?”

“पानी खारं हाय.”

गोपीचंदने पाणी चाखून पाहिलं नाही. शालिग्रामने सांगितल्यावर चाखायचं कशाला? दोघं जीपने परत आले. शालिग्राम वाटभर खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात एकच होतं. जूनमध्ये ज्योत्स्ना येईल, तेव्हा या गल्लीत तिच्याशी दोन शब्द बोलणारी एक तरी बाई असायला पाहिजे. एक वर्ष. पोरगी लहान आहे, एका वर्षाने काय बिघडतं? असं तो स्वतःला सांगत होता, आणि त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. संस्कृतीला एक्क्याण्णव टक्के. शालिग्राम शेलूबाजारहून दोन किलो पेढे घेऊन वाशिमला गेला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ले-आउटमधल्या बाया, बालवाडीतली चिल्लीपिल्ली, संस्कृतीच्या मैत्रिणी. सगळे ज्योत्स्नाला मिठ्या मारत होते. ती हळदवाली बाई म्हणाली, “या भाऊ, या. पाव्हन्यासारखे काहून उभे राह्यले?” शालिग्राम आत आला आणि पेढे वाटू लागला. पेढे वाटताना माणसाला काही बोलावं लागत नाही, हे एक बरं असतं.

गर्दी ओसरली. संस्कृती मैत्रिणीकडे गेली. ज्योत्स्ना बालवाडीच्या सतरंज्यांची घडी घालत होती. शालिग्रामने सतरंजीची दुसरी दोन टोकं धरली. दोघांनी मिळून पहिली घडी घातली.

“मंग,” तो म्हणाला, “सामान कधी हालवाचं? संस्कृतीचं अकोल्याले होस्टेलचं पाहून घेऊ. टेम्पो मी सांगून ठेवतो.”

ज्योत्स्नाने सतरंजी छातीशी धरली. “ती अकरावी इथंच करन म्हनते. कॉलेज दहा मिनिटावर हाय. घर असून होस्टेलले कायले टाकाचं?”

“तिचं बरोबर हाय,” शालिग्राम म्हणाला. “तुहं काय?”

तिने सतरंजी कोपऱ्यात ठेवली. मग खाली बसली.

“तू सांगतलं होतं, सात वर्षं,” तो म्हणाला. “म्या घर नवं केलं. ओटा केला ग्रॅनाइटचा. सिंक बसोला.” हे सांगायचं नव्हतं, ते तिने येऊन बघायचं होतं. पण आता तोंडून गेलं.

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी बोलली होती, खरं हाय. अन् तवा माह्या मनात तसंच होतं. पन मी तिथं येऊन कोनाशी बोलू? तुमी सकाळी वावरात जान ते संध्याकाळी यान. मालन नाई, शोभा नाई, वंदना नाई. सगळ्या इकडं हायेत. परवा हळदीकुंकवाले सगळ्या इथंच जमल्या होत्या, आपली सारी गल्ली. तिथं बायका हायेत कुठं आता?”

शालिग्रामने उरलेली सतरंजी उचलली आणि एकट्यानेच तिची घडी घालायला घेतली.

“तुमीच त आनलं सगळ्याइले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरं तेच सांगत होती. मग म्हणाली, “तुमीच या न इकडं. वावर बटईनं द्या, अर्ध्या वाट्यानं.”

तो म्हणाला, “पाहू.” त्याला हे जमणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दिवसभर ओट्यावरच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांची गल्ली बघणं त्याला कामापुरतं जमतं. तेच रोजचं जगणं झालं तर तो आटून जाईल. शिवाय त्या घरात त्याने सगळ्यांची सोय पाहिली होती, स्वतःची कधी धरलीच नव्हती. तेव्हा त्याला तेच बरोबर वाटलं होतं. सातच तर वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी गावात उतरला तो घरी गेलाच नाही, सरळ गोपीचंदच्या दारात गेला. रंजीता पोरीची वेणी घालत होती. शालिग्रामने गोपीचंदला बाहेर बोलावलं.

“ते घर घे. त्याचं पानी गोड हाय. म्या खोटं सांगतलं.”

गोपीचंदला कळेना. “खोटं? काहून?”

“गल्लीत एक बाई राहावी म्हून. ज्योत्स्नाले सोबत.” शालिग्रामने मान खाली घातली नाही, पण बघितलं मात्र दुसरीकडे. “ती येत नाई आता.”

गोपीचंद ओट्यावर टेकला. शिवी दिली असती तर शालिग्रामने ऐकून घेतली असती. “दादा, मले तसं सांगतलं असतं त,” शेवटी तो म्हणाला.

“त थांबला असता?”

“नाई,” गोपीचंद म्हणाला. “थांबलो नसतो.”

“मंग. म्हून त खोटं बोललो.” शालिग्रामने खिशातून फोन काढला. “घर अजून गेलं नाई. म्या येताना मालकाले विचारलं. शाळेतबी जागा हाय, पन उद्याच जा लागते.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोपीचंदच्या दारात टेम्पो लागला. शालिग्रामने कपाट उचलायला हात दिला, गॅस स्वतः बांधला, रंजीताच्या कुंड्या पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या. पोरगी नवं दप्तर पाठीला लावून सकाळपासून टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसली होती, कोणी उतर म्हटलं तरी उतरायला तयार नव्हती. रंजीता गोमतीबाईंच्या पाया पडली आणि रडली. गोमतीबाई शालिग्रामकडे एकदा बघून आत निघून गेली. टेम्पो वळणापलीकडे गेला. गल्ली एकदम इतकी लांब दिसायला लागली की शालिग्राम घराकडे परत येताना मध्ये एकदा थांबला.

गोपीचंद तिकडे सामान लावून दिवेलागणीला परत आला. थोड्या वेळाने तो शालिग्रामच्या दारात उभा होता, हातात पातेलं घेऊन. पातेल्यात धुतलेले तांदूळ.

“दादा, भाताले पानी किती टाकतात?”

शालिग्रामने पातेलं घेतलं, हलवून तांदूळ सपाट केले आणि तर्जनी उभी धरून दाखवली. “तांदळाच्या वर एक पेर. अन् आच बारीक.”

गोपीचंदने मान हलवली. पण गेला नाही. त्याच्या पाठीमागे त्याच्या घराचं दार उघडंच होतं आणि आत दिवा लावलेला नव्हता.

“दादा,” त्याने विचारलं, “सवय होते का हो याची?”

शालिग्रामकडे आजवर लोक घराबद्दल विचारायला आले होते, हे कोणी विचारलं नव्हतं. पण विचारलं आहे तर खरं सांगायला पाहिजे, असं त्याला वाटलं.

“नाई होत,” तो म्हणाला. त्याने पातेलं गोपीचंदच्या हातात परत दिलं. “मीठ टाकजो. रंजीता मीठ कुठं ठेवत होती, माहीत हाय न?”

गोपीचंदला माहीत नव्हतं.